ळ

माझ्या मशीनचा ळ गेला, त्याला तीन वर्षं झाली.
दुरुस्त करणारा आझाद चौकातला म्हातारा, तोही गेला.
आता ळ आला की जागा सोडतो
आणि कागद काढल्यावर निळ्या पेननं भरतो.
कलेक्टर कचेरीसमोर, झाडाला छत्री बांधून
बसलेल्या माणसाचं एवढंच दुकान.

कौशी तलरेजा, वय एकावन्न.
राहणार गांधीनगर, वळिवड्याच्या रस्त्याला, तालुका करवीर.
ती म्हणते, वलिवडे.
मी म्हणतो, बाई, तुमचं आणि मशीनचं बरं जमतंय.
ती हसत नाही, पुढचं सांगते.

मूळ गाव घोटकी. त्यापुढं देश लिहायचा असतो.
तिथं आली की तिचा आवाज खाली जातो,
शेजारी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पोरं उभी असतात.

तिकडं ती नर्स होती. सर्टिफिकेट आहे, प्लॅस्टिकमध्ये, उर्दूत.
इथल्या साहेबांनी ते उलटं धरून पाहिलं,
म्हणाले, भाषांतर आणा.
आणल्यावर म्हणाले, भाषांतर करणाऱ्याचं प्रमाणपत्र आणा.
तेव्हापासून गांधीनगरात साड्यांना फॉल-पिको करते,
धागा स्वतःचा.
साडेतीनशे नाळा कापलेले हात
दिवसाला वीस साड्या उरकतात.
अर्जात हे येत नाही.
विचारलंय तेवढंच लिहायचं असतं.

त्या कॅम्पात आधी पोलंडच्या बायका होत्या,
त्या गेल्यावर त्याच बराकीत फाळणीतले सिंधी आले.
कौशीचा एक चुलत आजा त्यातलाच.
त्याची नातवंडं आता ठोक कापडाची दुकानदार,
म्हणतात, आमच्या आज्याला कुठं कुणी कागद मागितला?
मागितला होता. विसरलीत.
त्यांच्यातल्याच एकानं जामीन राहायला दोन महिने लावले
आणि सही करायला माझं पेन घेतलं,
ते दिलंच नाही परत.

मागचा अर्ज असा होता:
जिल्हा सोडून जाण्याची परवानगी मिळणेबाबत.
ठिकाण उल्हासनगर. दिनांक चार ते अकरा.
कारण, मुलीचे बाळंतपण.
ठाण्याचा अहवाल आला, त्यावर गोल शिक्का हवा होता, चौकोनी होता.
गोल झाला तर साहेब दौऱ्यावर.
साहेब आले तर दुसरा शनिवार.
प्रत्येक खेपेला केएमटीचं तिकीट आणि अर्ध्या दिवसाची मजुरी.

परवानगी मिळाली बारा तारखेला.
चार ते अकरासाठी.

मूल सहा तारखेलाच आलं. पायाळू.
जावई दवाखान्यात बंद दाराला फोन लावून उभा,
आणि ही इकडं शिलाई मशीनवरून दाराला सांगतीय,
ओढू नका, ओढू नका, आपोआप खाली येऊ द्या,
मान येईपर्यंत हात लावू नका.
दारानं काही उत्तर दिलं नाही.
मग आतून आया ओरडली.

हे सगळं ती मला आज सांगते, स्टुलावर बसून.
म्हणते, बाळ आलं. दोघी बऱ्या आहेत.
मी मान वर केली.
बाळ. स्वच्छ ळ, जिभेचं टोक वर वळवून.
म्हटलं, हे कुठं शिकला?
म्हणाली, ती आया तसंच ओरडली ना फोनमधून.

नवा अर्ज. नवा कागद, नवं तिकीट.
कारणाच्या रकान्याशी मी थांबलो.
म्हटलं, बाळंतिणीची शुश्रूषा लिहू, वजन पडतं,
नुसतं बघायला जायचंय म्हटल्यावर तातडीचं धरत नाहीत.
तिनं मान हलवली. जे आहे तेच लिहा.
मी टंकलं, बा, मग मोकळी जागा, मग बघणे.
कागद काढला, आणि काय वाटलं कुणास ठाऊक,
पेन तिच्या हातात दिलं.

तिनं ळ काढला सावकाश, टाका घातल्यासारखा.
मोठा झाला. रकान्याची रेघ ओलांडून गेला.
खाडाखोड म्हणून परत येईल कदाचित.
पन्नासची नोट तिनं मशीनखाली सरकवली,
मी नको म्हणायच्या आत उठली,
कारण खिडकी एकला बंद होते.