रिकामा चौकोन

तार्तूत डिसेंबरात साडेतीनलाच अंधारतं.
खिडकीच्या काचेत माझाच संगणक उलटा दिसतो:
चौसष्ट माणसं, पाच भेटी,
गुण शून्य ते सत्तावीस.

यूलोनं हे फॉर्म बेटावरून बोटीनं आणले,
कागदांना अजून धुरी दिलेल्या माशाचा वास.
म्हणाला, सरासरी काढ, मार्टा,
उदासी उतरली की नाही तेवढं सांग.

उतरली, यूलो. रेघ छान उतरते.
फक्त त्या रेघेवर राहत कुणीच नाही.

क्रमांक नऊची सुरुवातच चोवीसला,
त्याच्या लेखी वीस म्हणजे चांगला दिवस.
क्रमांक चाळीस दर खेपेला तीन, तीन, तीन,
जणू फॉर्म नव्हे, हजेरीपट.
एकाच माणसाचे पाच आकडे एकमेकांना ओळखून असतात.
त्यांना परके धरलं
की गणित पटकन सुटतं
आणि खोटं सुटतं.

म्हणून ज्याची त्याची पायरी द्यायची,
मग ज्याचा त्याचा उतार.
दोन्ही मागितलं तर संगणक अडून बसतो,
चौसष्टांत एवढं कुठून आणू म्हणतो.

जुनी रीत सोपी होती.
एक चौकोन रिकामा, की अख्खी ओळ खोडा.
तशी खोडली तर सतरा जाते.

सतरा: एकोणीस, अठरा, बारा,
रिकामं,
रिकामं.

यूलो डोकं खाजवतो. बोट बंद होती तेव्हा, वाऱ्यामुळे.
नाही, थांब, तिचा फोन आला होता:
आता बरं आहे, मेंढ्या कोण बघेल,
तुमचे नऊ प्रश्न तुमच्यापाशीच ठेवा.

हे कुठल्या रकान्यात लिहू?
ती खरं बोलली असेल
तर साऱ्या तक्त्यातला सुंदर आकडा लिहायचाच राहिलाय.
नसेल, तर
बरं आहे असं न येणारे सगळेच म्हणतात.

दोन प्रारूपं चालवली.
एक तिच्यावर विश्वास ठेवतं, एक नाही.
उत्तरांत फरक पाऊण गुणाचा.
दोन्ही छापणार आहे,
संपादकाला आवडो न आवडो.

यूलो कोट चढवतो, त्याची बस सहाची.
दारातून विचारतो, सतराला भेटलो तर काय विचारू,
तेच नऊ प्रश्न?

नको.
मेंढ्या कशा आहेत, विचार.