नाव लावणे

गाव मला चिकट म्हणतं.
म्हणू दे. धंदाच तसला.
पुंता अरेनासच्या एका बोळात, कोळशाच्या जुन्या वखारीमागे
मी लोकांची नावं छापतो. गोल, चौकोनी,
आणि हल्ली ढगाच्या आकाराचीही, कारण
रुपर्तोला कुत्र्यांच्या सलूनसाठी ढगच हवा होता.
कुत्रा नको का, विचारलं.
म्हणाला, कुत्रा तर समोर असतोच.

मिल्काबाईंच्या रुबार्ब जॅमला
शंभर लेबलं, हिरवी,
खाली त्यांच्या हातची सही, तीही छापील.
जॅम संपतो, बरणी धुतली जाते,
तिच्यात खिळे पडतात, बटणं पडतात,
मिल्काबाई मात्र जागच्या हलत नाहीत.

इथे वारा असा, की
भर रस्त्यात माणसांना धरायला दोर बांधतात.
पाट्या उडतात. छत्री घेऊन हिंडतो तो परगावचा.
म्हणून गिऱ्हाइकाला मी आधी विचारतो,
लावणार कुठे? रंगबिंग मागाहून.
आत की बाहेर, काच की पत्रा, ओल की धग?
नाव नुसतं देखणं असून भागत नाही,
त्याला पाठही लागते.

एलिसेओ बारिया हीटर दुरुस्त करायचा.
अकरा वर्षं, दर मार्चला, थंडीच्या तोंडावर यायचा.
दोनशे स्टिकर, पांढऱ्यावर काळे,
नाव आणि नंबर, बस.
ज्योत नको, पाना नको.
"ज्याचा हीटर विझलाय
त्याला चित्र बघायला सवड नसते."
आणि लावायचा कुठे?
समोर नाही. डाव्या अंगाला, खाली,
जिथे गारठलेला माणूस
ऊब आहे का बघायला हात टेकवतो.
धगीने कागद तपकिरी व्हायचा,
नंबर राहायचा.

मागच्या जुलैत एलिसेओ गेला.
त्याची फाइल मी पुसणार होतो. पुसली नाही.
का, ते विचारू नका. जागा फार थोडी खात होती.

या मार्चला नेल्दा आली, त्याची मुलगी.
बोटांना काजळी, एका अंगठ्याला पट्टी.
म्हणाली, बाबांचा फोन बंद करायला गेले होते,
रांगेत उभी असतानाच वाजला.
सामुद्रधुनीपलीकडून, पोर्वेनीरची कोणी म्हातारी:
डाव्या बाजूला तुमचा नंबर आहे,
हीटर कालपासून गार पडलाय.
बाबा वारले, हे सांगायला तोंड उघडलं
आणि तोंडातून आलं,
मॉडेल कुठलं?

लहानपणी पाने हातात द्यायचे मी, म्हणाली.
नुसते द्यायचे. पण बघत असायचे ना.

मी स्क्रीनवर जुनं उघडलं, कर्सर नावापाशी नेला.
आता तुझं घालायचं?
की बारिया आणि कन्या?
ती बराच वेळ बघत राहिली.
मागे कटर टकटकत होता, कुणाची तरी
पिवळी माशांची दुकानं कापत.

"नाव काढू नका," म्हणाली.
"नाव मी काढीन."

मग एकदम व्यवहारावर आली.
कागद नको, उष्णता सोसणारं विनाइल द्या,
आणि गोंद बदला,
बाबांच्या स्टिकरचे कोपरे उचलायचे.
मी भाव सांगितला. तिने घासाघीस केली नाही,
मीही सूट दिली नाही.
एलिसेओलाही सूट घेतलेली आवडत नसे,
नाणीसुद्धा मोजून टेबलावर ठेवायचा.

दोनशे मोजून दिले. एक जास्तीचा छापला गेला होता.
छापला गेला होता, असंच म्हणू.

संध्याकाळी दुकानातल्या हीटरपाशी खाली बसलो.
डाव्या अंगाला त्याचा जुना स्टिकर, चहाच्या रंगाचा.
म्हटलं, हा काढावा, तिथेच नवा लावावा.
नखाने कोपरा उचलून पाहिला. मग दुसरा.
कोपरे उचलायचे म्हणे.
अर्धा तास झाला, नख दुखलं,
निघेना.