कनवटीला

अमरिलोच्या दक्षिणेला, जिथून गुरांच्या गोठ्यांचा वास येतो
त्या रस्त्यावरच्या लहानशा औषधांच्या दुकानात
मी दिवसभर गोळ्या मोजते.
पाच, दहा, पंधरा, वीस,
चपट्या पट्टीने, निळ्या ताटलीत.
आणि उजव्या कमरेला, सदऱ्याखाली,
आणखी सात.
आपल्याकडे दोन्हींना शब्द एकच.
इथे कुणाला सांगून कळायचं नाही,
म्हणून कधीकधी एकटीच हसते.

मागच्या जानेवारीत एकजण आला होता.
आरडाओरडा नाही, काही नाही.
काउंटरवर चिठ्ठी सरकवली,
शुद्धलेखनाच्या दोन चुका असलेली.
मी त्याला हवं ते दिलं, पिशवीत घालून, सवयीने पावतीसकट.
मग महिनाभर माझ्याच हातांना
माझी सही जमेना.

डार्लीन हचिन्सने शिकवलं.
पूर्वी शाळेची बस चालवायची, अजून तसंच बोलते,
मागे न बघता.
"वजन विसरलीस तर चुकलीस," म्हणाली.
"वजनच आठवत बसलीस, तरी चुकलीस."

आता मी कमरेतून वाकत नाही, गुडघ्यांत बसते.
वरच्या फळीवरचं खोकल्याचं औषध डाव्या हाताने काढते,
उजवीकडचा सदरा वर सरकू नये म्हणून.
पट्टा दुहेरी चामड्याचा.
चापावर कडक म्यान, चुकूनही काही आत शिरणार नाही असं.
सदरे एक माप मोठे, चौकड्यांचे.
चौकडीत फुगवटा लपतो,
हे मात्र शिंप्याच्या पोरीला शिकवावं लागलं नाही.
पोस्टात जायचं तर ती घरी.
कुणाकडे वाइनचा एक घोट घ्यायचा, तरी घरी.
मोरीतल्या खुंटीवर टांगायची नाही, कधीच नाही.
आणि मिठी मारताना डावा खांदा पुढे.
माझ्या मैत्रिणींना वाटतं, मी जरा तिरकी झाले आहे.

आई व्हिडिओवर विचारते, "कमरेला काय गं ते?"
"किल्ल्या," मी म्हणते.
तिच्या कनवटीला सुट्टे पैसे असत, अर्धी सुपारी,
बाबांच्या दुकानाची किल्ली.
भांडण रंगात आलं की तिथे नुसता हात ठेवायची
आणि बाबा गप्प.
झाकली मूठ सव्वा लाखाची.
माझीही झाकलेलीच.
उघडली तर किती भरेल, याचा हिशेब मी करत नाही.
खोटं. रोज करते.

खंडेनवमीला बाबा कात्रीला झेंडू वाहत.
मी यंदा पाटावर गोळ्या मोजायची पट्टी मांडली,
हळदकुंकू लावलं.
दुसरी तिजोरीतच राहिली.

परवा वेंडेल प्रुइट आले. बायको गेली, म्हणाले, रविवारी.
तिच्या उरलेल्या वेदनाशामक पट्ट्या परत करायच्या होत्या,
रबर लावून नीट बांधून आणलेल्या.
काय बोलावं सुचेना. मी काउंटरच्या बाहेर आले.
आणि म्हाताऱ्याने घट्ट मिठी मारली,
डावा खांदा वगैरे लक्षात यायच्या आत.

खट्.

डावखुरे आहेत, हे मला सह्यांवरून माहीत होतं.
त्यांच्या डाव्या कमरेला,
माझ्या उजव्या कमरेला,
आतून कड्या लावलेल्या दोन घरांनी
एकमेकांचं दार वाजवावं तसं.
दोघांपैकी कुणी उघडलं नाही.
मिठी मात्र त्यांनी सोडली नाही, मीही नाही.
बाहेर एक ट्रक लांबलचक हॉर्न वाजवत गेला.

रात्री घरी, ठरलेल्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून
ती रिकामी केली.
सात. पुन्हा मोजल्या. सात.

परतीच्या पेटीत टाकलेलं मोजायचं नसतं, नियम आहे.
पण नऊ पट्ट्या होत्या.
रबर निळ्या रंगाचं होतं.