एकशे सात पॉइंट चार

नवतप्याचा चौथा दिवस.
पुंजाराम अवथळेच्या गोठ्यात
तलवारीसारख्या शिंगांची म्हैस
सकाळपासून कुडाकडे तोंड करून उभी.
"रुसली हाय, साहेब. कुटाराले तोंड नाई लावत.
कोनाची तरी नजर लागली."

शेपूट उचलून थर्मामीटर आत सरकवतो,
दोरा शेपटीच्या केसांना बांधतो
आणि दोन मिनिटं मोजतो.
या दोन मिनिटांत बोलू नये,
हे कुणी शिकवलं नाही. माझं मीच शिकलो.

एकशे सात पॉइंट चार.

तिच्या कपाळाच्या हाडामागे, खूप आत,
बोराएवढं काहीतरी बसलेलं असतं.
पुस्तकात त्याला अधश्चेतक म्हणतात.
दवाखान्याच्या फळ्यावर हे नाव
मी तीनदा चुकीचं लिहिलंय.
त्याला ऊन दिसत नाही, गोठा दिसत नाही.
जवळून वाहणाऱ्या रक्तात ते नुसती करंगळी बुडवून बघतं,
विरजण लावायच्या आधी
गवळण दुधात बुडवते तशी.

एकशे एक. एवढंच त्याचं म्हणणं.
जरा वर गेलं की कानांच्या शिरा मोकळ्या कर,
धाप वाढव, लाळ सोड,
आणि सगळ्यात आधी चूल विझव.
म्हशीचं पोट म्हणजे चूलच की.
कुटार आत पडलं की आंबतं, फसफसतं, ऊब धरतं.
पौषात त्या उबेवर तिच्या पहाटा निभतात,
ज्येष्ठात तीच तिच्या जिवावर उठते.
मग निरोप जातो गळ्यातल्या ग्रंथीला: हळू.
पोटाला: थांब.

हा रुसवा नाही, पुंजाराम.
घर पेटलेलं असताना कुणी पोळ्या करत नाही.

कुडावर सरडा बसलाय. त्याच्यात चूलच नाही.
उन्हाकडून उसनं घेतो, सावलीत फेडतो,
त्याचं बरं आहे.
हिचं कातडं काळं, घाम जेमतेम.
हिचा घाम म्हणजे गावाबाहेरचा डोह,
आणि तो एप्रिलातच आटला.

मागच्या वर्षी धानोलीत
एकशे सहाला मी तापाची सुई दिली होती.

ताप वेगळा.
तापात ते बोर स्वतःच आकडा वर सरकवतं,
अंगात शिरलेल्याला भाजून काढायला.
जनावर थरथरतं, केस उभे राहतात,
एकशे तीनवरही त्याला थंडी वाजते.
सुई फक्त सांगते: पुरे, खाली ये.
धानोलीच्या म्हशीला थंडी वाजत नव्हती.
तिच्या आत आधीच कुणीतरी
खाली ये, खाली ये म्हणून ओरडत होतं
आणि अंगापर्यंत आवाज पोचत नव्हता.
पाऱ्याला दोन्ही सारखेच.
दिवेलागणीला ती गेली.
कागदावर मी उष्माघात लिहिलं. ते खरंच होतं.
सुईचं लिहिलं नाही.

आज पेटी उघडलीच नाही.
बोअरचं पाणी. आधी डोक्यावर, मानेवर, मग पोटाखाली.
ओल्या पोत्याची घडी शिंगांच्या मधे.
कौतिकाबाईनं घरातला कूलर ओढत आणला
आणि स्वतः पदरानं वारा घेत बसली.
एकशे सहा.
बादल्या मोजायच्या सोडल्या.
एकशे पाच. लाइन गेली.
पोरांनी सुपं आणली, सुपांनी वारा घातला.
एकशे तीन पॉइंट दोन.

रात्री साडेनऊला तिनं मान वळवली.
घशातून काहीतरी गोळा वर आला,
जबडा आडवा हलला,
मग पुन्हा.
अंधारात आम्ही सगळे
ते रवंथ ऐकत उभे राहिलो,
भजनाला उभं राहावं तसे नव्हे,
नळाला पाणी आल्याचा आवाज ऐकावा तसे.

"सुई तं मारली नाई," पुंजाराम म्हणाला,
"मंग पान्याचे काय पैशे द्याचे तुमाले?"

मला उत्तर सुचलं नाही.
शर्ट पाठीला चिकटला होता,
मानेवरून धार लागली होती,
माझ्याही आत कुणीतरी करंगळी बुडवून बघत होतं.
कौतिकाबाईनं ताकाचा गडवा पुढं केला.
खारट होतं.
दोनदा मागून प्यालो.