उदाहरण घरातलं हवं

बिन्सी मिसने सुट्टीआधी कागद दिला:
दहा संकल्पना, दहा उदाहरणं.
पुस्तकातली नकोत, घरातली हवीत.
घर म्हणजे उम्म अल क्वैनमधली दीड खोली,
तिसरा मजला, खाली गुलझमानची भट्टी,
आणि जुलै, ज्यात गार पाण्याच्या तोटीतूनही
चहापुरतं कढत पाणी येतं.

यंदा तिकिटं परवडली नाहीत.
मानिनीने एकदाच विचारलं, मग वही उघडली.

पहिल्या रात्री बेदाणे भिजत घातले.
पहाटे मला हलवून दाखवले:
फुगलेले, गुबगुबीत, तान्ह्या बाळाच्या टाचेसारखे.
"परासरण," ती म्हणाली.
"शिऱ्यात घाल," मी म्हणालो.
"थांबा हो बाबा, आधी मोजू दे."
पट्टी लावली, मिलिमीटर लिहिले.
शिरा दुपारी झाला.

मटकीला तर फडक्याची गाठ मारेमारेतो मोड आले.
गुहागरला थंडीत दोन-दोन दिवस वाट बघायला लागायची.
मग ती खाली गेली, गुलझमानला विचारायला
की पीठ का फुगतं.
तीस वर्षं कणीक तिंबणारा माणूस,
हात न थांबवता म्हणाला, "बेटी, अल्लाह का हुक्म."
तिने वहीत लिहिलं: यीस्ट, कार्बन डायऑक्साइड.
खाली बारीक अक्षरात:
गुलझमान चाचांचं मत वेगळं आहे.

सहावी संकल्पना, उत्सर्जन.
शुक्रवारी ऊन कललं तसे खाडीवर गेलो.
ओहोटी होती. चिखलातून वर आलेली मुळं,
कुणीतरी पेन्सिली टोचून ठेवाव्यात तशी.
मी ओरडलोच, "अगं, ही तर तिवरं!"
तिने पान तोडून सरळ चाटलं.
"खारट! झाड मीठ बाहेर टाकतं, बाबा."
लहानपणी मी भारेच्या भारे तोडून आणलेत,
गाय सुक्या पेंढ्याकडे बघायची नाही, यावर तुटून पडायची.
का, ते कधी विचारलंच नव्हतं.
गाईला ठाऊक होतं. मला त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं.

सोमवारी छपरांवरचे सहा एसी उघडून घरी आलो
तर ती आईला म्हणाली, "तो शर्ट धुऊ नकोस."
दोरीवर उलटा टांगला, भिंग लावलं.
पाठीवर पांढरा नकाशा उठला होता,
किनारे, बेटं, एक लांबट आखात.
मला थोडी लाज वाटली.
रात्री ती झोपल्यावर वही काढली.

'तिवराचं पान आणि बाबांचा शर्ट,
दोन्हींवर मीठ दिसतं.
फरक: तिवर पाणी राखून मीठ टाकतं,
बाबा दोन्ही टाकतात.
बाबांनी जास्त पाणी प्यायला हवं.
(हे वाक्य संकल्पनेत येत नाही.)'

मी उठून दोन पेले प्यालो. अंधारातच.

दहावी तशीच राहिली. समस्थिती.
बाहेर काहीही होवो, आत तेवढंच राहणारं
घरात काय आहे?
"चोवीसवर लावलेला एसी," मी सुचवलं.
"तो सगळा वर्ग लिहिणार."
ऑगस्ट संपत आला.

आणि एका रात्री अख्ख्या बिल्डिंगची वीज गेली.
एसीवाल्याच्या घरात एसी बंद, बायको हसली.
तिघं ओल्या चादरीवर, लादीला पाठ लावून.
खाली गुलझमान कुणाला तरी पुश्तूत शिव्या घालत होता.
मानिनी उठली, औषधांच्या डब्यात खुडबुडली,
थर्मामीटर घेऊन आली.
आधी आई, मग मी, मग ती.
प्रत्येक वेळी झटकायचं, पुसायचं,
मोबाइलच्या उजेडात लिहायचं:
खोली, एकोणचाळीस.
आणि खाली, सदतीस. सदतीस. सदतीस पूर्णांक एक.

तो जास्तीचा एक कुणाचा,
तेवढं मात्र नाव तिने लिहिलं नव्हतं.