कोरा दंड

बासेला, गांबिया नदीच्या काठी,
जैनबा दोन डब्या उचलते. जुळ्यांची शी.
यांकुबा. न्यीमा.
नावांची शाई घामाने फुटलेली.

लस एकाच सकाळी टोचली होती.
न्यीमाचा दंड पिकला, खपली धरली,
मसुराएवढा व्रण राहिला.
यांकुबाचा कोराच.

"एकाच अंगावर प्यायलेत,
एकाच वाडग्यातली बाजरीची पेज,"
आई म्हणते, "मग?"

जैनबाला तरी कुठे ठाऊक!
आतड्यात एक वस्ती आहे, न दिसणारी.
ती रक्ताशी कुजबुजते:
मुलीच्या एक, मुलाच्या भलतंच.
किंवा सांगते तेच,
ऐकणारे वेगळे.

डब्या बर्फात जातात.
चटईवर न्यीमा भावाच्या कोऱ्या दंडाला चावते.
दातच दोन आहेत तिला.
दोन्ही उमटतात.