शिल्लक

निगुडकर सरांची वही माझ्याकडे आहे.
त्यांनी दिली नाही. ते रिटायर झाले तेव्हा
स्पोर्ट्स रूमच्या रद्दीत निघाली, फाटक्या ब्लॅडरांखाली,
आणि मी सियागंजात नळाच्या तोट्या विकतो,
रद्दीवाले माझ्या ओळखीचे.

एकतीस वर्षांचे सामने, निळ्या शाईत.
तारीख, गाव, कुणाशी.
स्कोअर कुठेच नाही.
स्कोअरच्या जागी एकेक ओळ:
'उज्जैन. त्यांचा बुटका गार्ड डावखुरा. मला दुसऱ्या हाफमध्ये दिसलं.'
'भोपाळ. रफीउद्दीनला ताप होता. विचारायला हवं होतं.'
'सागर. जिंकलो. मी फार ओरडलो.'

अकरा वर्षं ते टेम्पररी होते.
दर जूनमध्ये प्राचार्यांच्या खोलीबाहेर बाकावर बसत,
आम्ही बसायचो तसेच, गुडघा हलवत,
आत बोलावतील की नाही.
कागद हातात पडला की थेट मैदानावर,
चुन्याचं घमेलं घेऊन रेषा मारायला.
फ्री थ्रोची रेषा पावलांनी मोजत, टेपवर भरवसा नव्हता.
जाळी कुमुदकाकूंनी विणलेली, सुतळीची.
बॉल आत पडला की खर्रर्र वाजायचं, पोतं ओढल्यासारखं.
आता नातवाच्या शाळेत नायलॉनची आहे.
तिचा आवाज मला खोटा वाटतो.

छोट्या लाइनीनं खंडव्याला जायचो.
परतताना कालाकुंडला, मागून दुसरं इंजिन जोडेपर्यंत,
सर आम्हाला फलाटावर उतरवून
डिफेन्सच्या स्लाइड करायला लावत, वाकून, हात पसरून,
आणि कलाकंद विकणारे आपापले द्रोण सांभाळत
भिंतीला चिकटायचे.
मोजायचे मराठीत, रागवायचे माळवीत.
रेफरीशी मात्र इतक्या अदबीच्या हिंदीत
की रेफरी घाबरायचा.

मी पंधरा नंबर. बाकाचं टोक.
टॉवेल, ग्लुकोज आणि सरांचा चश्मा सांभाळणं हे माझं काम.
म्हणून सत्त्याऐंशीचा फायनल मी सगळ्यांत जवळून पाहिला.
एकानं मागे. चार सेकंद. बॉल आपला.
सर उभे राहिले.
उजवा तळवा आडवा झाला,
डावा हात वर यायला निघाला
आणि छातीपाशी थांबला. का, ते मला कधी कळलं नाही.
तोवर गोवर्धननं अर्ध्या कोर्टावरून टाकला होता.
रिंगवर दोनदा उडाला तो बॉल.
तिसऱ्यांदा बाहेर.

वहीत त्या तारखेला:
'एक टाइमआउट शिल्लक होता.'
पुढची दोन पानं कोरी.

मागच्या फेब्रुवारीत आम्हीच सत्कार ठेवला.
शाल, श्रीफळ, प्लास्टिकच्या खुर्च्या,
पाहुणे म्हणून कुणी उपमहापौर.
ते खेळ आणि संस्कार यांवर पाऊण तास बोलत होते.
सर खुर्चीत खचलेले, शालीत नुसतं नाक दिसत होतं.
मग शालीतून उजवा हात बाहेर आला,
तळवा आडवा.
डाव्या हाताची बोटं खालून, हळूहळू,
वर, वर,
टेकली.

आम्ही उठलो, त्याचा विचारही केला नाही.
रफीउद्दीनला पेसमेकर आहे, गोवर्धनचे दोन्ही गुडघे नवे,
तरी स्टेजच्या तीन पायऱ्या आम्ही कशा चढलो
ते व्हिडिओवाल्याला विचारा.
गोल केला. वाकलो. डोकी डोक्यांना लागली,
कुणाच्या तरी तोंडाला बडीशेपेचा वास.
उपमहापौर 'राष्ट्रनि' पाशी अडकले होते.

मला वाटलं, आता सांगतील.
स्क्रीन कुणी लावायचा, बॉल कुणाकडे,
चार सेकंदांत काय काय करता आलं असतं.

सरांनी एकेकाकडे पाहिलं. वेळ घेतला.
'पाणी प्या,' म्हणाले.

बाटल्या मीच वाटल्या, सवयीनं.
'पंधरा, तू पण.'

प्यालो.
मग आम्ही खाली आलो, गुडघे धरत,
आणि उपमहापौरांनी तो शब्द
पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.